खटल्याआधीची शिक्षा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण आली कुठून हे सांगायला इतिहासकार नको. दोन गुंठ्यांच्या बांधावरून तीन पिढ्या तारखा घेणारी घरं प्रत्येक तालुक्यात सापडतील. कोर्टात वेळ जातो, पैसा जातो आणि निकाल लागेपर्यंत भांडणारेच शिल्लक राहत नाहीत, असा आपला अनुभव. थोडक्यात काय, तर आपल्या म्हणीमागचं कारण आहे दिरंगाई.

गंमत अशी की अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनाही गेली पस्तीस-चाळीस वर्षं हीच म्हण लागू आहे, पण अगदी उलट कारणाने. तिथे निकालाला किती वेळ लागेल याची भीती नसते. भीती असते ती निकालाच्या आधीच सगळं संपून जाण्याची. सरकारी वकिलाने कंपनीवर आरोपपत्र ठेवलं की गिऱ्हाइकं पळतात, बँका कर्ज नाकारतात, शेअर कोसळतो. वर्षभराने निर्दोष सुटलात तरी सुटायला कंपनी उरलेली नसते. म्हणून सरकारी वकील आणि कंपनीचे वकील एका खोलीत बसतात, आकडा ठरतो, कागदावर सह्या होतात आणि न्यायाधीशांपुढे पुरावा कधी येतच नाही.

यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. चोर पैसे भरतोय, सरकारच्या तिजोरीत भर पडतेय, कोर्टाचा वेळ वाचतोय. मलाही बरेच दिवस असंच वाटायचं. पण या तडजोडींचा इतिहास जरा खोलात वाचायला घेतला तर चित्र तितकं सरळ राहत नाही. मी वकील नाही, तेव्हा कायद्याच्या बारकाव्यांत फार शिरत नाही. गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या गुहागरपर्यंत येतो.

*

सुरुवात १९०९ सालापासून करावी लागेल. कंपनी म्हणजे काही माणूस नव्हे. तिला तुरुंगात टाकता येत नाही, तिच्या मनात काय होतं हे विचारता येत नाही. मग तिच्यावर फौजदारी गुन्हा कसा लावायचा? न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०९मध्ये याचं उत्तर दिलं. कंपनीच्या कामावर असताना तिच्या माणसाने केलेला गुन्हा हा कंपनीचाही गुन्हा धरता येईल, असं न्यायालय म्हणालं.

त्या काळात हे योग्यच वाटलं असणार. रेल्वे कंपन्या मातल्या होत्या, एखाद्या कारकुनाला पकडून काही साधणार नव्हतं. पण या तत्त्वाचा अर्थ नीट पाहा. हजारो नोकर असलेल्या कंपनीत कुठल्यातरी एका शाखेत कुणीतरी एकाने कामाच्या ओघात गुन्हा केला, की तत्त्वतः अख्खी कंपनी आरोपी होऊ शकते. कुणावर आरोप ठेवायचा आणि कुणाला सोडायचं हे ठरवणार सरकारी वकील. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं हे हत्यार बहुतेक वेळ म्यानात होतं. ते बाहेर निघालं १९८०च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये.

*

१९८३ ते १९८९ या काळात न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचे सरकारी वकील होते रूडी जुलियानी. हेच पुढे न्यूयॉर्कचे महापौर झाले. वॉल स्ट्रीट याच जिल्ह्यात येतं. १९८६च्या नोव्हेंबरात आयव्हन बोस्की नावाचा सटोडिया सापडला. त्याने १० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं आणि बाकीच्यांची नावं सांगायला सुरुवात केली. त्यात मोठं नाव होतं मायकेल मिल्केनचं. मिल्केन ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट या कंपनीत जंक बाँडचा, म्हणजे जास्त व्याजाच्या पण जास्त जोखमीच्या रोख्यांचा, अनभिषिक्त राजा होता. १९८७ या एका वर्षात त्याला कंपनीने जवळपास ५५ कोटी डॉलर दिले होते!

जुलियानींच्या हातात एक कायदा होता, 'रिको'. १९७०चा हा कायदा मुळात माफिया टोळ्यांसाठी केलेला. टोळीने कमावलेली मालमत्ता खटला चालू असताना विकून टाकू नये, म्हणून खटल्याआधीच ती गोठवायची सोय त्यात होती. टोळीसाठी हे ठीक. पण शेअर दलालीचा धंदा रोज उधारीवर चालतो. आज रात्री कुणीतरी पैसे देतो म्हणून उद्या सकाळी दुकान उघडतं. अशा कंपनीची मालमत्ता गोठवायची नुसती शक्यता निर्माण झाली तरी पैसे देणारे हात आखडता घेतात.

याचं प्रात्यक्षिक आधी एका छोट्या कंपनीवर झालं. प्रिन्स्टन-न्यूपोर्ट पार्टनर्स नावाचा एक गुंतवणूक फंड होता. १९८७च्या डिसेंबरात त्याच्या प्रिन्स्टनच्या कार्यालयावर सशस्त्र सरकारी माणसांनी धाड घातली. १९८८च्या ऑगस्टमध्ये फंडाच्या प्रमुखांवर रिकोखाली आरोपपत्र आलं. मुख्य आरोप होते कर वाचवण्यासाठी दाखवलेल्या खोट्या सौद्यांचे. खटला उभा राहायच्या आतच, त्या वर्षअखेरीला, फंड बंद पडला. १९८९मध्ये आरोपी दोषी ठरले. १९९१मध्ये अपील न्यायालयाने त्यातले महत्त्वाचे दोषनिर्णय, रिकोचे धरून, रद्द केले. पण तोवर रद्द झालेल्या शिक्षेला कंपनीच नव्हती.

ड्रेक्सेलवाले हे सगळं शेजारून बघत होते. त्यांचे प्रमुख फ्रेड जोसेफ आधी लढायच्या तयारीत होते. पण रिकोची धमकी समोर आल्यावर १९८८च्या डिसेंबरात ड्रेक्सेलने सहा गुन्हे कबूल करायचं आणि ६५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. शिवाय मिल्केनला काढून टाकायचं आणि त्याचा बोनस रोखायचा, हीही अट होती. म्हणजे ज्याच्यावर अजून आरोपपत्रही आलेलं नाही त्याला त्याच्या मालकाने आधीच शिक्षा द्यायची, हे सरकारी वकिलाशी झालेल्या करारात ठरलं. आरोपपत्र आलं १९८९च्या मार्चमध्ये, ९८ कलमांचं. त्यात मिल्केनच्या धाकट्या भावाचंही नाव होतं. १९९०च्या एप्रिलमध्ये मिल्केनने सहा गुन्हे कबूल केले आणि त्या तडजोडीत भावावरचे आरोप मागे घेतले गेले. ड्रेक्सेलने त्याआधीच, १३ फेब्रुवारी १९९०ला, दिवाळं जाहीर केलं होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ड्रेक्सेल केवळ सरकारी वकिलामुळे बुडाली असं म्हणता येणार नाही. १९८९मध्ये जंक बाँडचा बाजारच कोसळला होता. आणि मिल्केनही काही संत नव्हता. त्याने गुन्हे कबूल केले, साठ कोटी डॉलर भरले, बावीस महिने तुरुंगात काढले. मुद्दा वेगळाच आहे. त्याने नक्की काय केलं होतं आणि ते कितपत गुन्हा होतं, यावर आजही अमेरिकेत दोन तट आहेत, कारण पुरावा आणि उलटतपासणी असा पूर्ण खटला कधी झालाच नाही. २०२०मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मिल्केनला माफी दिली. त्यासाठी शब्द टाकणाऱ्यांच्या यादीत खुद्द जुलियानींचं नाव होतं. आता बोला!

*

आता गुहागरचा धागा. एन्रॉन हे नाव आपल्याला 'दाभोळ वीज प्रकल्प' म्हणून माहीत आहे. १९९२चा समझोता, १९९५मध्ये युती सरकारने करार रद्द करणं, मग पुन्हा वाटाघाटी, १९९९मध्ये सुरू झालेली वीज, तिचे दर आणि २००१मध्ये बंद पडलेला प्रकल्प, हे सगळं आपण वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं वाचलं. त्याच २००१च्या डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळं काढलं आणि कळलं की कंपनीचे हिशेबच खोटे होते.

हिशेब तपासणारी कंपनी होती आर्थर अँडरसन. १९१३मध्ये शिकागोत सुरू झालेली. संस्थापक अँडरसन हे नॉर्वेहून आलेल्या आईबापांचा मुलगा, लहानपणीच पोरका झालेला. एका रेल्वे कंपनीने हिशेबात सोयीचा बदल करा म्हणून दबाव आणला तेव्हा त्यांनी गिऱ्हाईक सोडलं पण सही केली नाही, ही गोष्ट कंपनीत नव्या पोरांना अभिमानाने सांगत. नव्वद वर्षांनंतरची कंपनी मात्र वेगळी होती. २०००मध्ये एन्रॉनकडून तिला ५ कोटी २० लाख डॉलर मिळाले. त्यातले निम्म्याहून जास्त सल्लागारीचे होते. ज्याचे हिशेब तपासायचे त्यालाच सल्ला विकायचा, असा तो प्रकार.

२००१च्या ऑक्टोबरात एन्रॉनने मोठा तोटा जाहीर केला आणि शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे एसईसीने, चौकशी सुरू केली. त्याच सुमारास अँडरसनच्या ह्यूस्टन कार्यालयात एन्रॉनचे कागद फाडायचं काम जोरात सुरू झालं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू झालेलं हे काम ८ नोव्हेंबरला एसईसीचं समन्स आल्यावर थांबलं. जानेवारीत अँडरसनने स्वतःच हे जाहीर केलं.

सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की गुन्हा कबूल करा. अँडरसनचं म्हणणं होतं की गुन्हा कबूल करणं म्हणजे आत्महत्या, कारण गुन्हेगार ठरलेल्या कंपनीला एसईसीपुढे शेअर बाजारातल्या कंपन्यांचे हिशेब तपासता येत नाहीत. दंड घ्या, अटी घाला, ऑडिटची पद्धत बदलतो, पण आरोपपत्र नको. जमलं नाही. १४ मार्च २००२ला आरोपपत्र जाहीर झालं. ते ह्यूस्टनमधल्या त्या पाच-पन्नास माणसांवर नव्हतं, सबंध कंपनीवर होतं. जगभर ८५ हजार माणसं, अमेरिकेत २८ हजार. त्यातल्या बहुतेकांनी एन्रॉनची फाइल डोळ्यांनी पाहिली नव्हती. 'मी अँडरसन आहे' असं छापलेले टी-शर्ट घालून लोक रस्त्यावर उतरले. डेल्टा, फेडेक्स, मर्क अशी जुनी गिऱ्हाइकं एकेक करून निघाली. चोरीचा आरोप असलेल्या मुनीमाकडून वही तपासून घेणार कोण?

जूनमध्ये ज्युरी दहा दिवस बसली. मध्येच एकमत होत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा न्यायाधीशांनी पुन्हा प्रयत्न करायला पाठवलं. १५ जूनला 'दोषी' असा निकाल आला. त्यातही खुद्द ज्युरींनी नंतर सांगितलं की निकाल कागद फाडण्यावर बेतलेला नव्हता, कंपनीच्या एका वकील बाईने टिपणातला मजकूर बदलायला सांगणाऱ्या ईमेलवर होता. शिक्षा काय, तर पाच लाख डॉलर दंड. खरी शिक्षा ३१ ऑगस्टला झाली. त्या दिवसापासून अँडरसनने शेअर बाजारातल्या कंपन्यांचं ऑडिट बंद केलं.

तीन वर्षांनी, ३१ मे २००५ला, सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने रद्द केला. नऊच्या नऊ न्यायाधीश! ज्युरीला कायदा चुकीचा समजावला होता, आपण चुकीचं करतोय याची जाणीव आरोपीला होती का हेच विचारलं नव्हतं, असं न्यायालयाने म्हटलं. पुन्हा खटला चालवायचा हक्क सरकारला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने तो सोडून दिला. चालवून करणार काय? शिक्षा द्यायला समोर कुणी नव्हतं.

मला अँडरसनचा पुळका नाही. एन्रॉनचे हिशेब ज्यांनी पास केले त्यांना शासन व्हायलाच हवं होतं. हजारो लोकांची पेन्शन त्या हिशेबांवर विसंबून होती. पण ऑडिट खोटं केलं, हा आरोप खटल्यात नव्हताच. आरोप कागद फाडण्याचा होता, आणि तोही शेवटी टिकला नाही. शिकागोतल्या किंवा दुसऱ्या कुठल्या देशातल्या पोरांनी नवी नोकरी शोधली, बऱ्याच जणांना ती दुसऱ्या ऑडिट कंपन्यांत मिळालीही. पण बारकाईने ऑडिट करणाऱ्या पाच बड्या कंपन्यांच्या चार झाल्या आणि हा धडा उरलेल्या चारांनी पाठ केला.

*

तो धडा वापरला गेला केपीएमजीवर. २००३च्या जानेवारीत अमेरिकेचे उपमहान्यायवादी लॅरी थॉम्पसन यांनी सरकारी वकिलांसाठी एक परिपत्रक काढलं. कंपनीवर आरोप ठेवावा की नाही हे ठरवताना ती किती 'सहकार्य' करते ते बघा. आपल्या वकिलाशी झालेलं गुप्त बोलणं ती उघड करायला तयार आहे का? संशयित नोकरांना पाठीशी घालते का? आणि पाठीशी घालणं कशाला म्हणायचं, तर त्यांच्या वकिलाची फी भरणं हेही त्यात आलं.

केपीएमजीने श्रीमंतांना कर चुकवायच्या योजना विकल्या होत्या. सरकारच्या म्हणण्यानुसार त्यातून किमान ११०० कोटी डॉलरचे खोटे तोटे दाखवले गेले. प्रकरण गंभीर होतं यात शंका नाही. केपीएमजीने अँडरसनचं झालेलं पाहिलं होतं. त्यामुळे लढायचा प्रश्नच नव्हता. २००५च्या ऑगस्टमध्ये तिने गैरकृत्य कबूल केलं, ४५ कोटी ६० लाख डॉलर भरले, आणि सरकारने खटला 'लांबणीवर' टाकला. अटी पाळल्या तर आरोप मागे. या प्रकाराला तिथे डिफर्ड प्रॉसिक्युशन म्हणतात. डोक्यावर टांगलेली तलवार म्हणा ना.

कंपनी सुटली. पण आपल्या जुन्या भागीदारांना वकिलाची फी द्यायची तिची वर्षानुवर्षांची पद्धत होती, ती तिने मोडली. फीला मर्यादा घातली, सरकारशी सहकार्य केलं तरच मिळेल अशी अट घातली, आणि आरोपपत्र आलं की फी बंद. अमेरिकेत असा खटला लढायला लागणारा पैसा एकट्यादुकट्या माणसाकडे नसतो. लाखो कागद असतात, ते वाचायलाच वर्ष जातं. फी बंद म्हणजे लढाई बंद.

२००६च्या जूनमध्ये न्यायाधीश लुइस कॅप्लन यांनी यावर निकाल दिला. केपीएमजीने फी आपल्या मर्जीने बंद केली नाही, सरकारच्या दबावाने केली, आणि त्यामुळे आरोपींचा वकील मिळण्याचा घटनादत्त हक्क सरकारनेच तुडवला, असं त्यांनी म्हटलं. वर्षभराने त्यांनी तेरा जणांवरचे आरोप रद्द केले. २००८च्या ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केलं. योगायोग पाहा, त्याच दिवशी न्याय खात्याने नवं परिपत्रक काढलं आणि नोकरांची फी भरली म्हणून कंपनीला दोष द्यायचा नाही असं लिहून दिलं. उरलेल्यांपैकी चौघांवर खटला चालला, त्यातले तिघे दोषी ठरले आणि एक सुटला.

या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. चौघांचा खटला खरोखर चालला, तेव्हा कोर्टाने तिघांना एका बाजूला ठेवलं आणि एकाला दुसऱ्या. कोर्ट याचसाठी असतं. तडजोडीच्या कागदात अशी निवड होत नाही. तिथे सगळे एका आकड्यात गुंडाळले जातात.

*

दबाव आणायला दरवेळी फौजदारी आरोपच लागतो असं नाही. न्यूयॉर्क राज्याचे महान्यायवादी एलियट स्पिट्झर यांनी १९२१चा मार्टिन अ‍ॅक्ट नावाचा जुना कायदा बाहेर काढला. त्यात दिवाणी दाव्यात फसवायचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. २००३मध्ये वॉल स्ट्रीटच्या दहा कंपन्यांशी सुमारे १४० कोटी डॉलरची तडजोड झाली. २००५मध्ये एआयजी या विमा कंपनीचे प्रमुख हँक ग्रीनबर्ग यांना संचालक मंडळाने पायउतार व्हायला लावलं. २००६मध्ये कंपनीने १६४ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ग्रीनबर्ग मात्र मिटवायला तयार नव्हते. ते बारा वर्षं भांडले. दरम्यान बरेच आरोप गळाले, स्पिट्झर गव्हर्नर झाले आणि २००८मध्ये एका लफड्यापायी पद सोडून घरीही गेले. २०१७मध्ये ग्रीनबर्ग यांनी ९० लाख डॉलर परत द्यायचं मान्य केलं. हिशेब चुकीचे होते हे मानलं, फसवणुकीची कबुली दिली नाही. तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते. एवढं लढायला ग्रीनबर्गइतका पैसा लागतो, आणि तितकाच हट्टही.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर इन्फोसिसचं घ्या. व्हिसाच्या गैरवापराच्या आरोपावरून २०१३मध्ये इन्फोसिसने अमेरिकन सरकारला ३ कोटी ४० लाख डॉलर दिले आणि पद्धतशीर फसवणुकीचा आरोप मात्र नाकारला. सरकार म्हणतं आम्ही जिंकलो, कंपनी म्हणते आम्ही काहीच केलं नाही. दोघांनीही एकाच कागदावर सह्या केलेल्या. मग खरं काय? त्या व्हिसावर गेलेल्या पोरांना आणि तक्रार करणाऱ्याला याचं उत्तर कोर्टाकडून कधीच मिळालं नाही.

*

इथवर वाचून वाटेल की बिचाऱ्या कंपन्या! पण थांबा. हीच पद्धत दुसऱ्या बाजूनेही वापरली जाते.

२०१२च्या डिसेंबरात एचएसबीसी बँकेने कबूल केलं की मेक्सिको आणि कोलंबियातल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांचे कोट्यवधी डॉलर तिच्यातून धुऊन निघाले. बँकेने १९० कोटी डॉलर भरले आणि खटला लांबणीवर पडला. त्या तडजोडीच्या वेळी एकाही अधिकाऱ्यावर आरोप नव्हता. कारण? एवढ्या मोठ्या बँकेवर खटला भरला तर अर्थव्यवस्थेचं काय होईल, ही भीती. २०१३च्या मार्चमध्ये महान्यायवादी एरिक होल्डर यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की काही संस्था इतक्या मोठ्या झाल्यात की त्यांच्यावर खटला भरणं अवघड होतं. आरोप ठेवताना निष्पाप लोकांवर काय परिणाम होतील ते बघा, असं सांगणारं १९९९चं परिपत्रक याच होल्डरांनी लिहिलं होतं.

बोइंगचं तर ताजं आहे. ७३७ मॅक्स विमानांच्या २०१८ आणि २०१९मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. २०२१च्या जानेवारीत अडीचशे कोटी डॉलरची तडजोड झाली. मेलेल्यांच्या नातेवाइकांना तिचा पत्ताही नव्हता. पुढे सरकारनेच म्हटलं की बोइंगने करार मोडला. पुन्हा वाटाघाटी, पुन्हा कागद. २०२५च्या नोव्हेंबरात सरकारच्या विनंतीवरून प्रकरण निकालात काढलं गेलं. न्यायाधीशांनी नाराजी नोंदवली, पण सरकारला खटला चालवायला भाग पाडायचा अधिकार आपल्याकडे नाही असंही म्हटलं. २०१६मध्ये फॉकर कंपनीच्या प्रकरणात अपील न्यायालयाने हेच सांगितलं होतं. तडजोड फार सौम्य आहे म्हणून ती नाकारणाऱ्या न्यायाधीशाचा निर्णय त्या वेळी फिरवला गेला.

म्हणजे अँडरसन मेली आणि एचएसबीसी वाचली, यात गुन्ह्याच्या गंभीरपणाचा फारसा संबंध नाही. मोठी बँक मोडली तर सगळेच बुडतील, ऑडिट कंपनी मोडली तर चार उरतात. सरकारी वकिलाने मनात असा हिशेब केला असेल, नसेल. पण तो हिशेब त्याच्या मनातच राहतो, उघड्या कोर्टात येत नाही, ही खरी अडचण आहे. कडक वागला तरी विचारणारं कुणी नाही, मऊ वागला तरी नाही. दंड भरतात भागधारक, म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी निवृत्तीचा पैसा. ज्याने सही केली तो साहेब पुष्कळदा बोनस घेऊन घरी गेलेला असतो.

ब्रिटनने २०१४पासून हीच पद्धत घेतली, पण एक कलम जास्त घातलं. तडजोड न्याय्य आहे का हे न्यायाधीश ठरवणार, आणि कारणं उघड कोर्टात सांगणार. त्याने सगळं सुटतं असं नाही. पण निदान एक तिसरा माणूस खोलीत येतो.

*

आता आपल्याकडे. फौजदारी खटल्यांत गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घ्यायची सोय, प्ली बार्गेनिंग, भारतात २००६पासून आहे. सेबीने २००७मध्ये संमती आदेश सुरू केले. दोष मान्यही न करता आणि नाकारताही न करता पैसे भरून मोकळं होता येतं. २०१४मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला, आणि २०२३च्या दुरुस्तीने स्पर्धा आयोगालाही सेटलमेंटचा रस्ता दिला. हे चुकीचं आहे असं मला म्हणायचं नाही. आपल्या कोर्टांची अवस्था पाहता कुणीही हेच करेल. शिवाय आपल्याकडे नुसत्या आरोपपत्राने मोठी कंपनी झोपत नाही, उलट आरोपपत्रांच्या चळती घेऊन कंपन्या वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. तेव्हा दबावाचा प्रकार वेगळा असणार: खातं गोठवणं, पासपोर्ट अडकवणं, जामिनाची वाट पाहायला लावणं.

पण सेटलमेंटची बातमी वाचताना आपण फक्त आकडा बघतो. इतके कोटी भरले, म्हणजे काहीतरी केलंच असणार, असं म्हणून पान उलटतो. किंवा, दोष मान्य केला नाही म्हणजे निर्दोष, असंही म्हणतो. दोन्ही निष्कर्ष त्या कागदावरून निघत नाहीत. आकड्याशिवाय आणखी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत असं मला वाटतं. नेमकं काय घडलं याची हकिगत उघड केली का? पैसे कुणाच्या खिशातून गेले? आणि कागदावर शिक्का मारण्याआधी तो नाकारायची ताकद असलेल्या कुणीतरी वाचला का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर तो न्याय झाला की सौदा झाला हे सांगता येणार नाही. नुकसान झालेल्या माणसाला तर अजिबात नाही.

असो. बरंच लांबलं. वाचणाऱ्यांत वकील किंवा सीए मंडळी असतील (आमच्या नात्यातच चार-पाच आहेत) त्यांनी सेबीच्या संमती आदेशांचा प्रत्यक्ष अनुभव कसा आहे ते जरूर लिहावं. विशेषतः लहान दलाल आणि बड्या कंपन्या यांना आकडा ठरवताना एकच माप लागतं का, हे जाणून घ्यायला आवडेल.